पाय लांब, धड आखूड: घराण्याचा बांधा की हार्मोन्सचं काही?

लंबूटांग
वय १९, मुलगा. उंची १८४ सेमी. घरात कोणीच एवढं उंच नाही, बाबा १७०, आई १५७. मला उंचीचा त्रास नाहीये पण बसलो की मी सगळ्यांएवढाच दिसतो आणि उभा राहिलो की डोकं वर, म्हणजे सगळी उंची पायात आहे. पॅन्ट कायम घोट्याच्या वर आणि शर्टाची बाही मात्र बरोब्बर बसते. परवा कुठेतरी वाचलं की हातपाय प्रमाणाबाहेर लांब असतील तर वयात येताना टेस्टोस्टेरॉन कमी पडलं असं समजतात, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. दाढी हनुवटीवरच येते, गालावर काहीच नाही, पण माझ्या वयाच्या बऱ्याच पोरांचं तसंच आहे ना? नुसत्या बांध्यावरून हार्मोन्सचं खरंच काही कळतं का, की हे सगळं हस्तरेषा टाईप आहे? ज्यांना माहितीय त्यांनीच सांगा, उगाच घाबरवू नका आणि उगाच धीरपण देऊ नका.

गणू_जिमवाला
भावा तू लकी आहेस, फेल्प्सचं बघ, उंची १९३ आणि हात पसरले की २०१, तरी जगातला सगळ्यात भारी पोहणारा. त्याला कोणी म्हणलं का हार्मोन तपास म्हणून? बांधा असतो एकेकाचा. दाढीचं म्हणशील तर आमच्या जिममध्ये एकजण टेस्टोचं इंजेक्शन घेतो, दोन महिन्यात आवाज पण बदलला त्याचा. विचार कर.

रात्रपाळी
गणू, इंजेक्शनचा सल्ला मागे घे, त्याच्यावर खाली बोलते. आधी मूळ प्रश्न.

हस्तरेषा नाहीये हे. हाडांच्या डॉक्टरांपासून हार्मोनवाल्यांपर्यंत सगळे टेप वापरतात, फक्त टेप काय सांगते आणि काय नाही हे माहीत पाहिजे. जन्मतः बाळाचं धड मोठं आणि पाय एवढेसे असतात. डोक्यापासून जांघेच्या हाडापर्यंत एक भाग आणि तिथून जमिनीपर्यंत दुसरा धरला तर वरचा खालच्याच्या साधारण १.७ पट असतो. मग लहानपणभर पाय भराभर वाढतात आणि दहाव्या वर्षाच्या आसपास दोन्ही भाग सारखे होतात. वयात येताना आधी पावलं, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी धड लांबतं, म्हणून तर त्या वयातली पोरं आधी टांगटुंग दिसतात आणि नंतर भरतात. त्या धडाच्या वाढीला सेक्स हार्मोन्स लागतात. आणि तेच हार्मोन्स लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या प्लेट्स हळूहळू बंद करून टाकतात. म्हणजे एकच गोष्ट वाढ पळवते पण आणि संपवते पण.

आता हार्मोन्स आलेच नाहीत किंवा फार उशिरा आले तर? प्लेट्स उघड्याच राहतात, हातपाय लहानपणीच्या वेगाने वाढतच राहतात आणि धडाला जो शेवटचा धक्का मिळायचा तो मिळत नाही. त्यातून पाय लांब, धड आखूड, हात पसरल्यावर उंचीपेक्षा ५ सेमीहून जास्त, असा बांधा तयार होतो. थोडक्यात बांध्यावरून आज रक्तात किती हार्मोन आहे ते कळत नाही, ते *कधी* आलं किंवा आलं नाही याचा माग लागतो. विशीनंतर टेस्टोस्टेरॉन कमी झालं तर हातपाय लांबणार नाहीत, कारण तोवर प्लेट्स बंद झालेल्या असतात. हा फरक नेटवर कोणीच सांगत नाही.

फेल्प्सबद्दल: ८ सेमी फरक असलेली निरोगी माणसं भरपूर आहेत. वेगवेगळ्या वंशांत हातपाय आणि धड यांचं प्रमाण मुळातच वेगळं असतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत पाय तुलनेने लांब, पूर्व आशियात आखूड, त्यामुळे एकच आकडा सगळ्या जगाला लावता येत नाही. पाठीला बाक असेल तर उंची कमी भरते आणि हात उगाच लांब वाटतात, तेही बघावं लागतं.

लंबूटांग, तू मोजून सांग: भिंतीला पाठ लावून हात आडवे पसर, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. आणि जांघेच्या मधोमध पुढचं कडक हाड लागतं त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. दुसऱ्या कोणालातरी मोजायला सांग, स्वतःला मोजताना माणूस वाकतो.

जुनं_पुराणं
डॉक्टरीणबाईंच्या मुद्द्याला इतिहासातला पुरावा देतो, मला हा विषय फार आवडतो. युरोपात सतरा-अठराव्या शतकात मुलांचा आवाज फुटू नये म्हणून वयात येण्याआधी त्यांचे वृषण निकामी करायचे, म्हणजे ते मोठेपणीही बायकांच्या पट्टीत गायचे. त्यावेळच्या व्यंगचित्रांत हे गायक नेहमी ताडमाड उंच, काटकुळ्या हातापायांचे दाखवलेत आणि लोकांना वाटायचं चित्रकार चेष्टा करतोय. त्यातला सगळ्यात गाजलेला फारिनेल्ली १७८२ मध्ये वारला, सत्तरी ओलांडून. २००६ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला त्याचे अवशेष बाहेर काढून तपासले तर लांब हाडं आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या काही हाडांवर प्लेट पूर्ण न जुळल्याच्या रेघा अजून दिसत होत्या! म्हणजे हार्मोन नाही तर प्लेट नीट बंद होत नाही, हे हाडातच लिहून ठेवलेलं. यातला शेवटचा गायक मोरेस्की १९२२ ला गेला, त्याचं रेकॉर्डिंग पण आहे, ऐकून अंगावर काटा येतो (चांगला की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही).

रात्रपाळी
सुंदर उदाहरण. आणि त्यात एक गंमत जोडते जी आम्हालाही शिकताना उलटीच वाटली होती. मुलांच्या प्लेट्स टेस्टोस्टेरॉन बंद करतं असं सगळे धरून चालायचे. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापून आली, उंची २०४ सेमी, हाडांचं वय (म्हणजे एक्सरेत हाडं किती वर्षांच्या मुलाएवढी पिकलेली दिसतात ते) १५, आणि तो अजून वाढतच होता. टेस्टोस्टेरॉन त्याचं नॉर्मल! बिघाड होता इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेन रक्तात होतं पण शरीराला ते ऐकूच येत नव्हतं. नंतर असेही पुरुष सापडले ज्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं एन्झाइमच नव्हतं, त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर प्लेट्स बंद झाल्या. म्हणजे ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो तेच पुरुषाचीही उंची थांबवतं. दाढीवरून हाडांचा अंदाज बांधू नये तो याचसाठी.

बोटमोड्या
पण मी वाचलंय अनामिका तर्जनीपेक्षा लांब असली की टेस्टोस्टेरॉन जास्त असतं. माझी लांब आहे 😎 मग टेप कशाला, बोटं बघा की.

रात्रपाळी
बोटांचं प्रमाण आईच्या पोटात असतानाच बरंचसं ठरतं, वयात येण्याशी त्याचा संबंध नाही. आणि सरासरीत मुलगे-मुलींत थोडा फरक दिसत असला तरी दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की एका माणसाच्या बोटांवरून काही सांगणं म्हणजे तुझा तो स्मायली.

आई_ऑन_ड्युटी
मधेच घुसतेय सॉरी. हे उलटं पण होतं का? माझी मुलगी सव्वासात वर्षांची आहे, छातीचे बदल सुरू झालेत आणि गेल्या वर्षात इतकी उंच झालीय की वर्गात सगळ्यात मागे बसवतात. सगळे कौतुक करतात, मलाच कसंतरी होतंय.

रात्रपाळी
ताई, वाट बघू नका, मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांना दाखवा. मुलींमध्ये ८ च्या आधी आणि मुलग्यांत ९ च्या आधी वयात येण्याची खूण दिसली तर तपासतातच. तुम्ही म्हणता तसं हे अगदी उलटं चित्र: हार्मोन्स लवकर आले म्हणून आत्ता ती सगळ्यांत उंच, पण प्लेट्स पण लवकर बंद होतील, मग बाकीच्या मुली पुढे निघून जातात आणि ही थांबते, आणि पायांना वाढायला वर्षंच कमी मिळाल्यामुळे ते तुलनेने आखूड राहू शकतात. डाव्या हाताच्या पंजाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतील. दरवेळी औषध लागतंच असं नाही, काही मुलींमध्ये हे सावकाश चालतं आणि नुसतं लक्ष ठेवतात. गरज असेल तर ही प्रक्रिया काही वर्षं थांबवणारी इंजेक्शनं असतात. मुलीसमोर तिच्या उंचीची चर्चा मात्र कमी करा, तिचं वय सातच आहे हे लोक विसरतात आणि मोठ्या मुलीसारखं वागायची अपेक्षा करतात.

वास_नाही_येत
नेहमी नुसतं वाचतो, आज लिहितो. मी वरच्या पहिल्या वर्णनात शंभर टक्के बसतो. अठरा झाले तरी आवाज तसाच, दाढी शून्य, उंची वाढतीये वाढतीये. घरचे म्हणायचे तुझ्या काकाचं पण उशिरा झालं होतं, होईल. हात पसरले की उंचीपेक्षा ११ सेमी जास्त. विशी उलटल्यावर एका डॉक्टरने विचारलं तुला वास येतो का? मला लहानपणापासून वास येतच नाही, पण त्याचा इकडे काय संबंध असं मला वाटलं, मी तर कोणाला सांगितलंच नव्हतं, गॅस लीक झाला तरी दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळायचं. तर निघालं कालमन सिंड्रोम. मेंदूतल्या ज्या पेशी वयात येण्याचा सिग्नल देतात त्या गर्भात असताना नाकाच्या भागातून वास ओळखणाऱ्या नसांच्या वाटेनेच मेंदूत जातात, ती वाट नीट तयार झाली नाही की वासही गेला आणि सिग्नलही. औषध सुरू झाल्यावर दाढी, आवाज, ताकद सगळं आलं. लांब झालेले हातपाय मात्र आहेत तसेच, ते परत आखूड होत नाहीत. घरात कोणी "होईल होईल" म्हणत असेल तर १४ वर्षांनंतरही मुलाचं काहीच सुरू झालं नसेल तर दाखवा एवढंच सांगायचंय.

लंबूटांग
मोजलं, भावाने मोजलं. उंची १८४, हात पसरून १८६, खालचा भाग १००, म्हणजे वरचा ८४ राहिला. वास येतो, चांगलाच येतो. वयात यायला उशीर वगैरे नाही झाला, तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळं सुरू झालं होतं इतरांसारखंच. म्हणजे मी यात बसतच नाही ना?

रात्रपाळी
तुझे आकडे मला इंटरेस्टिंग वाटले, सांगते का ते. ८४ भागिले १०० म्हणजे ०.८४. मोठ्या माणसात हा आकडा एकपेक्षा जरासा कमी असतो, ०.९ च्या खाली गेला की आम्ही पुन्हा मोजतो. म्हणजे तुझे पाय खरंच लांब आहेत. पण हात? उंचीपेक्षा फक्त २ सेमी जास्त, एकदम नॉर्मल. हार्मोन उशिरा आल्यामुळे झालं असतं तर प्लेट्स हातांच्या पण उघड्या राहिल्या असत्या, मग दोन्ही लांबले असते, वरच्या वासवाल्या मित्रासारखे. तुझ्यात पायच लांबलेत आणि तू वेळेवर वयात आलास, म्हणजे कारण दुसरं असू शकतं.

एक मार्फान सिंड्रोम डोक्यात येतो, पण त्यात हात-बोटं लांब असतात आणि त्याचा हार्मोन्सशी संबंध नाही, तो शरीर बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा आजार आहे. तिथे खरी काळजी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची असते, म्हणून ओळखणं महत्त्वाचं. एका हाताने दुसरं मनगट पकड, अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढून करंगळीचं पूर्ण नख झाकलं जातं का? आणि अंगठा मुठीत धरल्यावर त्याचं अख्खं नख मुठीबाहेर दिसतं का? दोन्ही नसेल आणि चष्म्याचा मोठा नंबर वगैरे नसेल तर ती शक्यता मागे पडते.

आता थोडे खाजगी प्रश्न, इथे उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊ, स्वतःशी दे. पाय वयात येण्याआधीपासून लांब होते का? छातीला निपलखाली गाठीसारखं काही आहे का जे गेलंच नाही? वृषण बाकीच्या वाढीच्या मानाने लहान आणि टणक वाटतात का?

लंबूटांग
मनगटाचं होत नाही, अंगठ्याचं पण नाही. चष्मा नाही. पाय... तिसरी-चौथीच्या फोटोत पण मीच बगळा. छातीला पंधराव्या वर्षापासून थोडं आहे, मला वाटायचं चरबी आहे म्हणून मी टी-शर्ट ढगळे घालतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हो. तुलना करायला दुसरं काय माहिती असणार म्हणा 😅 आता खरंच भीती वाटायला लागली.

रात्रपाळी
भीती वाटणं साहजिक आहे, पण ऐकून घे. मी इथे निदान करत नाहीये, करूच शकत नाही, पण हे सगळं एकत्र आलं की डॉक्टर एक तपासणी नक्की सांगतात, कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोम मोजणं. बहुतेक पुरुषांत एक्सवाय असतं, काहींत एक्स जास्तीचा असतो, एक्सएक्सवाय, त्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. हे दुर्मिळ नाही बरं का, साधारण ६०० मुलग्यांमागे एक. १९४२ मध्ये वर्णन झालं आणि १९५९ मध्ये क्रोमोसोमचं कारण सापडलं. आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतच नाही, कारण त्यांच्यातले बरेच जण शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात.

पायांचा भाग इथे जुळतो. एक्स आणि वाय दोन्हीवर शॉक्स नावाचा एक जीन असतो जो हाडांच्या लांबीशी संबंधित आहे. एक्स जास्त म्हणजे शॉक्सची प्रत एक जास्त, त्यामुळे हार्मोन्सचा प्रश्न यायच्या आधी, शाळेच्या वयातच पाय लांबायला लागतात. टर्नर सिंड्रोमच्या मुलींत एक एक्स नसतो, तिथे हीच प्रत कमी आणि मुली बुटक्या राहतात. त्याच जीनची दोन टोकं आहेत ही. क्लाइनफेल्टरमध्ये वयात येणं वेळेवर सुरू होतं, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण पुढे वृषण वाढायचे थांबतात आणि टेस्टोस्टेरॉन हवं तिथपर्यंत चढत नाही.

म्हणजे तू सुरुवातीला वाचलंस ते अर्धं बरोबर होतं. कमी हार्मोनने हातपाय लांबतात, पण सगळे लांब पाय कमी हार्मोनमुळे नसतात, काही वेळा पाय आधी लांब होतात आणि हार्मोन नंतर कमी पडतं.

गणू_जिमवाला
मग टेस्टो घेतलं तर सुटेल ना? मी तेच म्हणत होतो की.

रात्रपाळी
नाही गणू, आणि हे सगळ्यांनी वाचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना सिग्नल पाठवणं बंद करतो, वृषण आक्रसतात आणि शुक्राणू बनणं थांबतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने घेतलं तर प्लेट्स वेळेआधी बंद होऊन उंची जाते ते वेगळंच. आणि क्लाइनफेल्टर असेल तर शुक्राणूंचं काय करायचं हे औषध सुरू करायच्या *आधी* ठरवावं लागतं. शिवाय तपासणीच्या आधी इंजेक्शन घेतलं तर रिपोर्टचा अर्थच लागत नाही.

उशिरा_कळलेला
लंबूटांग, मी एक्सएक्सवाय आहे. मला ३१ व्या वर्षी कळलं, मूल होत नव्हतं म्हणून तपासण्या झाल्या तेव्हा. तोपर्यंत मी स्वतःला आळशी समजायचो, थकवा, मूड खराब, जिम करूनही अंग भरत नाही. कळल्यावर पहिले दोन महिने वाईट गेले, खोटं नाही बोलत. पण आता औषध चालू आहे, हाडांची तपासणी होते (माझी हाडं विरळ झाली होती, ते लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं) आणि मी ठीक आहे. तू १९ चा आहेस, हे तुझ्या बाजूने आहे. वृषणातून सूक्ष्मदर्शकाखाली शोधून शुक्राणू काढायची शस्त्रक्रिया असते, आमच्यासारख्यांपैकी बऱ्याच जणांत सापडतात. माझ्यात नाही सापडले. आम्ही दुसऱ्या मार्गाने आईबाप झालो. आणि रिपोर्ट एकदम नॉर्मल पण येऊ शकतो हे लक्षात ठेव, लांब पाय असलेली साधी माणसं खूप आहेत.

लंबूटांग
थँक्यू दादा. घरी आईला सांगू का आधी टेस्ट करून मग सांगू कळत नाहीये. आणि टेस्टला काय सांगायचं, नुसतं क्रोमोसोम का अजून काही?

उशिरा_कळलेला
मी बायकोला रिपोर्टनंतर सांगितलं आणि मधले दिवस एकट्याने काढले. तू भावाला घेऊन जा, त्याने मोजलंय म्हणजे अर्धं त्याला माहितीच आहे.

रात्रपाळी
लॅबमध्ये थेट जाऊ नकोस, आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्यासमोर हे आकडे ठेव. ते परत मोजतील, वृषणांचं माप मण्यांच्या माळेसारख्या एका साधनाने घेतात, दुखत नाही, लाजायचं कारण नाही, रोज तेच करतात. टेस्टोस्टेरॉन तपासायला रक्त सकाळीच आणि उपाशीपोटी देतात, कारण दुपारी आकडा खाली येतो आणि लोक उगाच घाबरतात. सोबत एलएच आणि एफएसएच, म्हणजे मेंदूकडून वृषणांना सिग्नल देणारे दोन हार्मोन्स. हे दोन वर आणि टेस्टोस्टेरॉन खाली असेल तर अडचण वृषणात, तिन्ही खाली असतील तर अडचण वर मेंदूकडे, वासवाल्या मित्रासारखी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (आणखी एक हार्मोन) पण बहुतेक सांगतील. कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, त्यात पेशी वाढवाव्या लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी फोन करू नकोस. आणि टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच्या खालच्या कडेला आलं तर "ठीक आहे, घरी जा" यावर समाधान मानू नकोस, क्लाइनफेल्टरमध्ये तुझ्या वयात ते बऱ्याचदा तसंच असतं आणि एलएच-एफएसएच मात्र चढलेले असतात. शुक्राणू साठवून ठेवण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचार.